प्रोटॉनला मरण आहे का?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आपलं वजन सत्तर किलो आहे असं घटकाभर धरा. मग आपल्या अंगात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती कण असतील? चारावर अठ्ठावीस शून्यं! त्यातले निम्म्याहून थोडे अधिक प्रोटॉन. हे प्रोटॉन काही आपल्याबरोबर जन्माला आलेले नाहीत. आपल्या आधी ते पोळीत होते, पोळीच्या आधी गव्हात, त्याच्याही आधी मातीत आणि पाण्यात. असं मागं मागं जात राहिलं, तर बहुतेकांच्या बाबतीत आपण थेट विश्वाच्या आरंभापाशी जाऊन पोहोचतो. म्हणजे सुमारे १३८० कोटी वर्षं मागं. एवढ्या काळात ते झिजले नाहीत की विटले नाहीत. आपण उद्या जाऊ, देह पंचत्वात विलीन होईल. ते मात्र दुसरीकडे कुठंतरी कामाला लागतील.

मग प्रोटॉन खरोखरच अमर आहे का? की त्यालाही कधीतरी मरण आहे, आणि ते इतकं लांबणीवर पडलेलं आहे की अजून कुणाच्या नजरेला आलेलं नाही?

प्रश्न वरवर पोरकट वाटतो. पण आजच्या मूलभूत भौतिकशास्त्रात जे चार-दोन मोठे प्रश्न उत्तराविना पडून आहेत, त्यातला हा एक आहे. आणि आपल्याला जवळचा वाटावा अशी गोष्ट ही, की केवळ या प्रश्नासाठी म्हणून बांधलेलं जगातलं पहिलं यंत्र आपल्या देशात होतं. कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सव्वादोन किलोमीटरहून अधिक खोल. ते बांधणारी मंडळी मुंबईची, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली. आज सांगायची आहे ती हकीकत त्या खाणीची आणि त्या प्रश्नाची.

प्रोटॉन निदान फार लवकर मरत नाही, हे सांगायला यंत्राचीही गरज नाही. मॉरिस गोल्डहाबर या शास्त्रज्ञानं त्यासाठी एक मजेदार हिशेब मांडला होता. समजा, प्रोटॉनचं सरासरी आयुष्य एकावर सोळा शून्यं इतकी वर्षं आहे. विश्वाच्या वयाच्या मानानं हा आकडा काही लाख पटींनी मोठा. तरीही आपल्या अंगात कण इतके आहेत की दर सेकंदाला त्यातले लाखभर फुटत राहतील. त्या किरणोत्सर्गानं आपण केव्हाच मेलो असतो. ज्याअर्थी आपण जिवंत आहोत, त्याअर्थी प्रोटॉन याहून दीर्घायुषी असला पाहिजे. हे ज्ञान आपल्या हाडांनाच आहे, अशी कोटी गोल्डहाबर करत असत.

हाडांची साक्ष सोडून पहिली खरी मोजणी झाली ती १९५४ साली, अमेरिकेत. गोल्डहाबर यांच्या जोडीला फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन हे दोघे होते. राइन्स आणि कोवन त्या वेळी न्यूट्रिनो नावाच्या, कशालाच दाद न देणाऱ्या कणाच्या मागावर होते. त्या कामासाठी केलेली द्रवाची टाकी त्यांनी या कामालाही लावली. एकही प्रोटॉन मरताना दिसला नाही. म्हणजे त्याचं आयुष्य एकावर एकवीस-बावीस शून्यं याहून जास्त, एवढं ठरलं. राइन्स हे नाव लक्षात ठेवा. या हकीकतीत ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता आपल्याकडे वळू. होमी भाभा मुळात विश्वकिरणांचे अभ्यासक. अवकाशातून वेगवान कण सतत पृथ्वीच्या वातावरणावर आदळत असतात. हवेतल्या अणूंशी त्यांची टक्कर झाली की नव्या कणांचा सडा पडतो. त्यात म्यूऑन असतात, न्यूट्रिनो असतात. म्यूऑन चांगलेच दणकट. आत्ता तुम्ही तळहात पसरून बसलात, तर सेकंदाला एखाद-दुसरा त्यातून आरपार जात असेल. घराचं छप्पर त्यांना अडवत नाही, डोंगर थोडाफार अडवतो. ते जमिनीत किती खोलवर शिरतात, हे पाहायचं तर खोल भोक हवं. पण असं भोक कुणी भौतिकशास्त्रासाठी पाडत नाही. ते सोन्यासाठी पाडतात.

कोलारला ते पाडलेलं होतं. इंग्रज कंपनीनं १८८०च्या दशकात तिथं नव्यानं खोदकाम सुरू केलं. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर वीज तयार होऊ लागली ती १९०२ साली, याच खाणींसाठी. सोन्याच्या शिरेमागं जाता जाता चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरच्या पुढं गेली. जगातल्या सर्वांत खोल खाणींत तिची गणना होती. एवढ्या खोलीवर खडक तापलेला असतो आणि वरच्या भारानं कधी कधी स्फोट व्हावा तसा फुटतो. खाणकामगारांना या फुटणाऱ्या खडकाची जेवढी धास्ती असे तेवढी दुसऱ्या कशाची नसे. आपण ज्याला शुद्ध विज्ञान म्हणतो ते या माणसांनी खणलेल्या बोगद्यांत बसून झालं आहे, हे विसरून चालणार नाही.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला भाभांनी बी. व्ही. श्रीकांतन या तरुण सहकाऱ्याला कोलारला धाडलं. उपकरणं घरचीच, म्हणजे संस्थेत स्वतः जुळवलेली. श्रीकांतन पुढं टाटा संस्थेचे संचालक झाले, पण त्यांच्या संशोधनाचा पाया घातला गेला तो या खाणीच्या लिफ्टमधून खाली-वर करताना. दर पातळीवर यंत्र मांडायचं, म्यूऑन मोजायचे, पुन्हा आणखी खाली जायचं. जितकं खोल जावं तितके म्यूऑन कमी. साठच्या दशकाच्या आरंभी जपानच्या ओसाकाहून आलेले साबुरो मियाके आणि टाटा संस्थेचे व्ही. एस. नरसिंहम व पी. व्ही. रमण मूर्ती यांनी ही मोजणी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास नेली. तिथं दोन महिने यंत्र चालू होतं. एकही म्यूऑन आला नाही.

दोन महिने यंत्रानं काहीच टिपलं नाही, तर एखादा माणूस गाशा गुंडाळून परत आला असता. इथं मात्र या शून्याचंच मोल होतं. जिथं म्यूऑनचा गलबला संपतो, तिथं न्यूट्रिनोची चाहूल लागू शकते. न्यूट्रिनो म्हणजे कमालीचा अलिप्त प्राणी. नुसत्या सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून सेकंदाला सहा हजार कोटींहून अधिक जातात, आणि आपल्याला पत्ता नसतो. पृथ्वीच्या गोळ्यातून ते आरपार निघून जातात. कोट्यवधींतला एखादाच कुठंतरी खडकातल्या अणूला धडकतो आणि त्यातून एक म्यूऑन बाहेर पडतो. तो म्यूऑन पकडायचा. पण हा न्यूट्रिनोचा म्यूऑन आणि तो वरून घुसलेला म्यूऑन, फरक कसा ओळखायचा? त्यासाठी युक्ती होती दिशेची. वरून येणारे म्यूऑन उभे येतात, कारण आडव्या वाटेनं यायचं तर त्यांना कित्येक पट जास्त खडक पार करावा लागेल आणि ते वाटेतच संपतील. तेव्हा जो म्यूऑन आडवा आला, किंवा चक्क पायाखालून वर आला, तो न्यूट्रिनोनंच धाडलेला.

या युक्तीवर १९६४-६५मध्ये दोन ठिकाणी काम चाललं होतं. एक कोलार. तिथं टाटा संस्था, ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ असे तिघे मिळून होते. मेनन, मियाके, वुल्फेंडेल ही त्यातली ठळक नावं. दुसरं ठिकाण दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणीत, तीन किलोमीटरहून खोल. तिथं होते आपले राइन्स. १९५६ साली अणुभट्टीजवळ न्यूट्रिनो प्रथम पकडून ते एव्हाना नामवंत झाले होते. राइन्स यांच्या यंत्रात पहिली नोंद झाली २३ फेब्रुवारी १९६५ला, कोलारच्या आधी. शोधनिबंध मात्र कोलारचा आधी आला, १५ ऑगस्ट १९६५ला. राइन्स यांचा त्याच महिन्याच्या ३० तारखेला. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची जगातली पहिली प्रसिद्ध झालेली नोंद अशी कोलारच्या नावावर आहे. पहिला मान कुणाचा यावर वाद घालण्यात मला तरी रस नाही. पंधरा दिवसांच्या अंतरानं दोघांनीही तो मिळवला, असंच म्हणावं. भाभांना हे यश पाहता आलं. त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच, २४ जानेवारी १९६६ला, विमान अपघातात ते गेले.

पुढच्या दहा वर्षांत कोलारला न्यूट्रिनो येत राहिले, पण अगदी मोजके. १९७५ साली तिथल्या गटानं काही चमत्कारिक नोंदी प्रसिद्ध केल्या. एकाच बिंदूतून फुटलेल्या अनेक रेषा, ज्यांचा अर्थ ज्ञात कणांनी नीट लागत नव्हता. ‘कोलार घटना’ म्हणून त्या ओळखल्या जातात. तशा दुसऱ्या कुठल्या प्रयोगात सापडल्या नाहीत, आणि त्यांचं कोडं तसंच राहून गेलं.

त्याच सुमारास सिद्धांताच्या बाजूनं वारं फिरलं होतं. प्रोटॉन मरेल अशी शंका यायला तोवर फारसं कारण नव्हतं. सुटा न्यूट्रॉन पंधरा मिनिटांत फुटतो आणि त्याचा प्रोटॉन होतो. प्रोटॉन कशात फुटणार? त्याच्या जातीत त्याच्याहून हलका कुणी नाही. जातीबाहेर जायची निसर्गाची परवानगी नाही, असा एक नियम भौतिकशास्त्रज्ञांनी गृहीत धरला होता. हा नियम कुठल्या खोल तत्त्वातून निघालेला नव्हता. कधी मोडताना दिसला नाही म्हणून पाळला जात होता, इतकंच.

तो मोडत असला पाहिजे, असं १९६७ साली प्रथम सांगितलं रशियाच्या आंद्रेई साखारोव यांनी. त्यांचा मुद्दा असा. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच निर्माण झालं असणार. दोन्ही भेटले की एकमेकांना नष्ट करतात आणि उरतो तो निव्वळ प्रकाश. मग आपण कसे उरलो? ताऱ्यांना, डोंगरांना, आपल्याला घडवायला लागणारं द्रव्य शिल्लक राहिलं कुठून? जमाखर्चात कुठंतरी फरक पडला, आणि तो पडायचा तर द्रव्याच्या कणांची संख्या कायम राहते हा नियम कधीतरी मोडलेला असला पाहिजे. त्या काळी या निबंधाकडं फारसं कुणी पाहिलं नाही.

पुढं १९७३-७४मध्ये ओडिशात जन्मलेले जोगेश पती आणि पाकिस्तानचे अब्दुस सलाम यांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत हॉवर्ड जॉर्जी व शेल्डन ग्लॅशो यांनी निसर्गातली बलं एकाच सूत्रात ओवण्याचे सिद्धांत मांडले. गुरुत्वाकर्षण सोडून बाकीची तीन बलं मुळात एकच, अशी ही कल्पना. हे खरं मानलं, तर इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनमधले क्वार्क ही एकाच घरातली भावंडं ठरतात, आणि एकाचं रूपांतर दुसऱ्यात होऊ शकतं. म्हणजेच प्रोटॉन मर्त्य ठरतो. किती वर्षांनी मरेल, तर एकावर तीस शून्यांच्या आसपास. हा आकडा ऐकून आपण हात टेकू. पण प्रयोग करणाऱ्यांना तो हाताशी आलेला वाटला. कारण एक प्रोटॉन इतकी वर्षं पाहत बसण्याची गरज नसते. तेवढे प्रोटॉन एका जागी जमवायचे आणि वर्षभर पाहायचं!

मुंबईच्या मंडळींनी हेच केलं. १४० टन लोखंड. त्यात कण मिळून आठावर एकतीस शून्यं. आयुष्य एकावर एकतीस शून्यं असलं, तर वर्षाला सात-आठ मरणं व्हायला हवीत. लोखंडाच्या पट्ट्या, त्यांच्या मध्ये दहा सेंटिमीटर चौकोनी नळ्यांचे थर, प्रत्येक नळीत वायू आणि एक तार, अशा सुमारे सोळाशे नळ्या. कण नळीतून गेला की तारेवर विजेचा ठोका पडतो, आणि कुठल्या नळ्यांत ठोका पडला यावरून त्याची वाट काढता येते. हे सगळं सुटं सुटं खाणीच्या लिफ्टमधून खाली नेऊन तिथं जोडायचं. मेनन, श्रीकांतन, नरसिंहम आणि त्यांचे जपानी सहकारी यांनी ते उभं केलं आणि १९८०च्या अखेरीस यंत्र सुरू झालं.

थोड्याच काळात त्यांच्याकडं काही नोंदी जमल्या. यंत्राच्या पोटातच सुरू झालेल्या, पोटातच संपलेल्या, आणि ऊर्जेचा हिशेब प्रोटॉनच्या मरणाशी जुळणाऱ्या. १९८१-८२मध्ये त्यांनी त्या ‘संभाव्य’ असा शब्द वापरून प्रसिद्ध केल्या. आयुष्य निघत होतं एकावर एकतीस शून्यांच्या आसपास. सिद्धांतवाले आनंदले. शंकेखोर म्हणाले, न्यूट्रिनो आत येऊन धडकला तरी असंच दिसेल. दहा सेंटिमीटरच्या जाड चाळणीतून एवढा बारीक भेद दिसणं कठीणच होतं. न्यूट्रिनो, म्हणजे १९६५ साली ज्याच्या दर्शनासाठी याच खाणीत डोळे लावून बसले होते, तोच आता दारातला नको असलेला पाहुणा झाला होता.

वाद मिटवला तो पाण्यानं. पाण्यात कण प्रकाशाहून वेगानं गेला, म्हणजे पाण्यातल्या प्रकाशाच्या वेगाहून, तर निळसर झळाळी उठते. टाकीच्या भिंतींना प्रकाश टिपणाऱ्या मोठ्या नळ्या लावल्या की त्या झळाळीची वर्तुळं दिसतात. पाणी स्वस्त, पारदर्शक, आणि हवं तेवढं भरता येतं. अमेरिकेत ईरी सरोवराच्या काठच्या एका मिठाच्या खाणीत आठ हजार टन पाण्याची टाकी १९८२ साली सुरू झाली. तिच्यामागं कोण, तर राइन्स! जपानमध्ये मासातोशी कोशिबा यांनी कामिओका इथल्या जस्ताच्या खाणीत तीन हजार टनांची टाकी १९८३ साली सुरू केली. अमेरिकेतल्या टाकीनं काही महिन्यांतच सांगितलं की असं मरण दिसत नाही. एकीकरणाचा सर्वांत साधा, सर्वांत देखणा सिद्धांत तिथंच कोसळला. कोलारच्या गटानं पुढं २६० टनांचं दुसरं यंत्रही खाली बसवलं. पण हजारो टन पाण्यापुढं त्याचा निभाव लागणं शक्य नव्हतं. आज मागं वळून पाहता, त्यांच्या त्या नोंदी न्यूट्रिनोच्याच होत्या यात मला शंका वाटत नाही.

म्हणून त्यांची कुणी चेष्टा करू नये. त्यांनी नोंदी लपवल्या नाहीत, फुगवल्याही नाहीत, आणि त्या वेळी जगात दुसरं कुणी तिथं पाहत नव्हतं.

गंमत पुढंच आहे. कोशिबांच्या यंत्राचं नाव कामिओकांडे. त्यातली शेवटची अक्षरं ‘केंद्रकणाच्या ऱ्हासाचा प्रयोग’ या इंग्रजी नावाची आद्याक्षरं होती. प्रोटॉन काही मरेना, तेव्हा यंत्रात सुधारणा करून ते सूर्याच्या न्यूट्रिनोंसाठी सज्ज केलं गेलं. ही सुधारणा पुरी होते न होते तोच, २३ फेब्रुवारी १९८७ला, दीड लाखाहून अधिक प्रकाशवर्षं दूर फुटलेल्या एका ताऱ्याचे न्यूट्रिनो पृथ्वीवर पोहोचले. कामिओकांडेत त्यातले अकरा टिपले गेले, अमेरिकेतल्या टाकीत आठ. पुढच्याच महिन्यात कोशिबा सेवानिवृत्त व्हायचे होते! २००२ साली त्यांना नोबेल मिळालं. आद्याक्षरं तीच राहिली. त्यांचा अर्थ मात्र ‘न्यूट्रिनोशोधाचा प्रयोग’ असा लावला जाऊ लागला.

त्यांचा विद्यार्थी ताकाकी काजिता. त्याचा प्रबंध प्रोटॉनच्या मरणावरचा. मरणाच्या नोंदींतून न्यूट्रिनोचा गलबला वजा करायचा, तर तो आधी नीट मोजला पाहिजे, म्हणून तो मोजायला बसला. मोजता मोजता लक्षात आलं की एका जातीचे न्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा कमी भरताहेत. चूक माझी की निसर्गाची, हे ठरवायला दहा वर्षं आणि पन्नास हजार टनांची सुपर-कामिओकांडे ही नवी टाकी लागली. जून १९९८मध्ये काजितांनी निकाल जाहीर केला. पृथ्वीच्या पलीकडून, पायाखालून येणारे न्यूट्रिनो वरून येणाऱ्यांच्या निम्म्यावर आले होते. लांबच्या प्रवासात ते जात बदलतात, आणि जात बदलतात म्हणजे त्यांना वस्तुमान असलंच पाहिजे. कणभौतिकीच्या प्रस्थापित सिद्धांतात त्यांचं वस्तुमान शून्य धरलेलं होतं. २०१५ साली काजितांना नोबेल मिळालं. हे न्यूट्रिनो म्हणजे कोलारला १९६५ साली सापडले तेच, वातावरणात जन्मलेले. पायाखालून येणारे न्यूट्रिनो कोलारनंही पाहिले होते, पण त्यांची संख्या इतकी थोडी की असा काही निष्कर्ष त्यातून निघणं शक्यच नव्हतं.

त्या वर्षी कोलारला काय चाललं होतं? प्रयोगशाळा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झाली होती. खाणीतून निघणाऱ्या सोन्यापेक्षा ते काढण्याचा खर्च जास्त झाला होता, आणि खोल पातळ्यांवर पंप, हवा, लिफ्ट चालवत राहायचं ते केवळ भौतिकशास्त्रासाठी, ही कल्पना कुणाला परवडणारी नव्हती. २८ फेब्रुवारी २००१ला खाणी अधिकृतपणे बंद झाल्या. पंप थांबले, पाणी चढलं. पिढ्यान् पिढ्या खाणीवर जगलेली हजारो कुटुंबं उघड्यावर पडली. त्यांच्या दुःखापुढं प्रयोगशाळेचं दुःख ते काय, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

पण एक तुलना मनातून जात नाही. अमेरिकेत दक्षिण डकोटामध्ये होमस्टेक नावाची सोन्याची खाण होती. कोलारसारखीच जुनी, अडीच किलोमीटरच्या घरात खोल. तिच्यातही एक प्रयोग चाले. सूर्याचे न्यूट्रिनो प्रथम तिथंच मोजले गेले. तीही याच सुमारास तोट्यात जाऊन बंद पडली. २००३ साली तिचेही पंप थांबले, तिच्यातही पाणी चढलं. फरक पुढं पडला. तिथल्या राज्य सरकारनं खाण ताब्यात घेतली, एका धनिकानं सात कोटी डॉलर दिले, पाणी उपसलं गेलं. आज दीड किलोमीटर खाली तिथं प्रयोगशाळा आहे. न्यूट्रिनो आणि प्रोटॉनसाठीच्या नव्या यंत्राकरता सुमारे आठ लाख टन खडक खोदून बाहेर काढण्याचं काम २०२४च्या सुरुवातीला पुरं झालं.

आपण दुसरी वाट धरली. खाण नको, डोंगर शोधू. पन्नास हजार टन चुंबकीय लोखंडाचं यंत्र, कोलारच्याच घराण्यातलं पण साडेतीनशे पटींनी मोठं. आधी निलगिरीतली जागा ठरली. ती हत्तींच्या वाटेवर आणि व्याघ्रप्रकल्पाला लागून, म्हणून २००९ साली नाकारली गेली. मग तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातला डोंगर. जानेवारी २०१५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे दीड हजार कोटींची मंजुरी दिली. त्यानंतर गावकऱ्यांचा विरोध, पर्यावरणाचे दावे, हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालय. २०२२ साली राज्य सरकारनंच आम्हाला हा प्रकल्प नको असं न्यायालयात सांगितलं. विरोधात काही निव्वळ अफवा होत्या. न्यूट्रिनोमुळं किरणोत्सर्ग होईल वगैरे. पण पश्चिम घाटाच्या कुशीत सुरुंग लावल्यानं पाण्याचं काय होईल, हा प्रश्न अफवा नव्हता. आपल्या शास्त्रज्ञांनी दिल्लीला जितक्या फेऱ्या मारल्या, तितक्याच निकडीनं ते त्या गावांत आधी जाऊन बसायला हवे होते, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन जातींच्या न्यूट्रिनोंत जड कोण, हलका कोण, हा जो प्रश्न आपण सोडवणार होतो, त्याच्यासाठी चीनमधलं वीस हजार टनांचं यंत्र ऑगस्ट २०२५मध्ये सुरू झालं.

आणि प्रोटॉन? तो ठाम उभा आहे. मरणाची जी वाट सर्वांत संभवनीय मानली जाते, तिच्यासाठी सुपर-कामिओकांडेनं २०२० साली दिलेली मर्यादा अशी आहे, की आयुष्य किमान दोनावर चौतीस शून्यं एवढं असलंच पाहिजे. कोलारच्या १४० टनांत अशा एका मरणासाठी दोन-तीनशे वर्षं थांबावं लागलं असतं. साधे सिद्धांत बाद झाले, पण एकीकरणाची कल्पना बाद झालेली नाही. आयुष्य आणखी वाढवून सांगणारे सिद्धांत हाताशी आहेत, आणि नेमकी हीच गोष्ट अनेकांना खटकते. दर वेळी आकडा पुढं सरकवायचा असेल, तर तो सिद्धांत खोटा ठरायचा कधी? तक्रार रास्त आहे. जिनिव्हाजवळच्या प्रचंड यंत्रात २०१२ साली हिग्ज कण सापडला, पण त्याच्यामागून येतील म्हणून ज्या नव्या कणांची वाट पाहिली गेली, ते आले नाहीत. विश्वातलं बहुतांश द्रव्य कशाचं आहे हे माहीत नाही. द्रव्य उरलं का, हा साखारोव यांचा प्रश्न जागच्या जागी आहे. अशा वेळी कुठून तरी एक धागा हाती यावा लागतो, आणि प्रोटॉनचं एक निःसंशय मरण हा तसा धागा ठरेल. शंभर पानांच्या गणितापेक्षा निळ्या वर्तुळांची एक स्वच्छ नोंद जास्त सांगून जाईल.

त्यासाठी कामिओकात, जुन्या टाकीपासून काही किलोमीटरवर, डोंगराच्या पोटात नवी गुहा कोरली आहे. ६९ मीटर रुंद, ९४ मीटर उंच. खोदकाम जुलै २०२५मध्ये संपलं. तिच्यात दोन लाख साठ हजार टनांच्या आसपास पाणी भरायचं आहे, आणि २०२८ साली मोजणी सुरू करायचा बेत आहे. वीसेक वर्षं पाहत राहिलं, तर एकावर पस्तीस शून्यांपर्यंत नजर पोहोचेल. आज तिथं नळ्या जोडणारी पंचविशीतली मुलं तेव्हा पन्नाशीला आलेली असतील. तोवर जुनी टाकी चालूच आहे.